हातांची विद्या
(रनाळे येथील ज्युबिली महोत्सवात पालक व तरुण मंडळींच्या सभेपुढे धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिली मंडळाने मला 'आमच्या मुलांचे उच्च शिक्षण' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय मोठा, वेळ थोडा, आणि मागे जेवणाची पंगत वाट पाहत आहे. यास्तव सर्व विद्यांचा परामर्श घेण्याच्या भरीस न पडता मी आज एकाच विद्येविषयी आणि तिच्यातील एकाच पदवीविषयी बोलणार आहे. त्या विद्येस ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. मराठीत तिला व्यवसायोपचार असे नाव आहे. आणि ती पदवी म्हणजे त्या विद्येतील डॉक्टरेट. आपणांपैकी पुष्कळांनी हे नावही ऐकले नसेल. सहा वर्षांपूर्वीपर्यंत मीही ते ऐकले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात एके सायंकाळी आपल्यातील एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन माझ्या ओसरीवर आले. त्यांचे नाव मी घेणार नाही. अर्थात रनाळ्यात नाव न घेतल्याने कोणतीही गोष्ट गुप्त राहते असा माझा अनुभव नाही. ही हकिकत सांगण्यास मी दोघांचीही परवानगी घेतली आहे. मुलीने मुंबईस राहून व्यवसायोपचाराची पदवी व तीवरील पदव्युत्तर पदवी घेतली, आज ती नोकरी करीत आहे, आणि आता तिला डॉक्टरेट करावयाची आहे. बाप कोरडवाहू शेतकरी. ते मला म्हणाले, "फादर, पोरगी इतकी वर्षे शिकली, तरी डॉक्टर नाही झाली. आता म्हणते, अजून शिकून डॉक्टर होईन, पण सुई टोचणार नाही, गोळी लिहून देणार नाही. मग हा कसला डॉक्टर? तुम्हीच हिला समजवा."

मला प्रथम हसू आले. मग माझी दृष्टी माझ्या उजव्या हाताकडे गेली आणि हसू मावळले. त्या हाताची गोष्ट आपणांस ठाऊक आहे, पण अर्धीच. उरलेली अर्धी आज सांगतो.

सहा वर्षांपूर्वी मला पक्षाघात झाला आणि उजवे अंग लुळे पडले. डॉक्टरांनी प्राण वाचविले. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण प्राण वाचल्यावर मला जेथून घरी पाठविले, तेथे कोणी एवढेच सांगितले की, "फादर, आता विश्रांती घ्या." विश्रांती! ज्याचा हात लाकडाच्या ओंडक्यासारखा मांडीवर पडून आहे, त्यास विश्रांतीवाचून दुसरे काय उरले होते? सदऱ्याची गुंडी दुसऱ्याने लावावी, घास दुसऱ्याने भरवावा, आणि पवित्र मिस्सेच्या वेळी मी मागे खुर्चीवर बसून दुसऱ्या धर्मगुरूंचे हात पाहावेत. तीन महिने असे गेले. त्या दिवसांत मनात काय काय येऊन गेले ते मी माझ्या पापनिवेदनात सांगितले आहे. येथे सांगत नाही.

पुढे एका स्नेह्याच्या आग्रहाने मी दुसऱ्या शहरी गेलो. तेथे एक तरुण बाई मला तपासावयास आली. तिने बोटे हलवून पाहिली, खांदा पाहिला, आणि मग खुर्ची ओढून समोर बसून विचारले, "फादर, या हाताने आपल्याला काय करायचे आहे?"

मंडळी, तोपर्यंत मला काय दुखते, काय हलत नाही, औषध घेतले की नाही, हे सर्वांनी विचारले होते. मला काय करावयाचे आहे, हे कोणीच विचारले नव्हते. मी म्हणालो, "चषक उचलायचा आहे." ती बाई ख्रिस्ती नव्हती. चषक कसा असतो, तो किती उंच धरावयाचा, त्यात किती द्रव असतो, हे सारे तिने समजावून घेतले. मग विचारले, "त्याचे वजन किती?" वीस वर्षे मी तो चषक दररोज उचलीत होतो, त्याचे वजन मला माहीत नव्हते! येथील सिस्टरांनी तो स्वयंपाकघरातील काट्यावर तोलून फोनवर कळविले : सुमारे ७०० ग्रॅम.

त्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. प्रथम टेबलावरचे फडके पुसावयाचे, तेही दोन्ही हात एकमेकांवर ठेवून. मग लाकडी ठोकळे. मग पुस्तकाची पाने उलटणे. मग रिकामा पेला, पाव भरलेला पेला, अर्धा पेला. कितीदा पाणी सांडले, कितीदा मी रागावलो, ते देव जाणे आणि ती बाई जाणे. पाच महिन्यांनी तिने तांब्याचा एक जड पेला पाणी भरून तोलला आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "फादर, हा आपल्या चषकाइतका आहे." मी दोन्ही हातांनी तो डोळ्यांपर्यंत उचलला. पुढच्याच रविवारी आपण या देवळात माझ्यासमोर गुडघे टेकून होता. माझे हात कापत होते हे आपण पाहिले. ते का कापत होते, हे आज आपणांस कळले.

हीच ती विद्या. 'व्यवसाय' या शब्दाने येथे केवळ धंदा समजू नये. मनुष्याचा दिवस ज्या ज्या कामांनी भरलेला असतो ते सर्व त्याचे व्यवसाय होत : आंघोळ करणे, वेणी घालणे, लुगडे नेसणे, भाकरी थापणे, पाटीवर अक्षर काढणे, औताला बैल जुंपणे, नातवास खेळविणे. रोगाने अथवा अपघाताने ज्याच्या हातून ही कामे निसटली, त्यास ती पुन्हा करता यावीत म्हणून त्याच कामांच्या योगे त्याच्या अंगास व मनास वळण लावावयाचे. आणि जेथे अंग वळत नाही तेथे काम, हत्यार किंवा घर बदलून घ्यावयाचे, ही तिची रीत. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाच्या आंधळ्याने हाक मारली, तेव्हा प्रभूने त्यास आधी विचारले की तुझी इच्छा काय आहे. त्याचे दुःख तर सर्वांस दिसत होते. तरी प्रभूने विचारलेच. त्या बाईने मला विचारले तेव्हा मला बार्तीमय आठवला.

आता या विद्येचा इतिहास थोडक्यात ऐका. कारण ती कशी जन्मली हे कळल्यावाचून तिच्यातील मोठी पदवी कशासाठी, हे कळणार नाही. अमेरिकेत जॉर्ज बार्टन नावाचा एक वास्तुशिल्पी होता. क्षयाने तो ग्रासला, पायाचा भाग कापावा लागला, डावी बाजू लुळी पडली. त्याने हाताने कामे करीत करीत स्वतःस सावरले आणि १९१४ साली न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी आपल्यासारख्या रोग्यांसाठी एक घर उघडले. १९१७ च्या मार्च महिन्यात त्याच घरी काही मंडळी जमली आणि तेथे या विद्येची पहिली संस्था स्थापन झाली. म्हणजे हिचा पाया घालणाऱ्यांत रोगाने पांगळा झालेला एक मनुष्यही होता.

आपल्या देशात ही विद्या आणली ती कमला निंबकर यांनी. त्या जन्माने अमेरिकन, क्वेकर पंथाच्या घराण्यातील. माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. विष्णु निंबकर यांच्याशी विवाह करून १९३० साली त्या भारतात आल्या आणि कमला झाल्या. त्यांनी मुंबईत मुलांच्या शिक्षणाचे काम केले. दुसरे महायुद्ध संपल्यावर, वयाची चाळिशी उलटून गेल्यावर, ही संसारी बाई अमेरिकेस जाऊन फिलाडेल्फिया येथील व्यवसायोपचाराच्या शाळेत पुन्हा विद्यार्थिनी म्हणून बसली. शिकून ती तेथे राहिली नाही. परत येऊन १९५० साली परळच्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयात तिने व्यवसायोपचाराची शाळा काढली. ही आशिया खंडातील अशा प्रकारची पहिली शाळा समजली जाते. १९५२ साली या व्यवसायातील भारतीय मंडळींची संघटना झाली, आणि त्याच वर्षी ज्या १० देशांनी मिळून जागतिक महासंघ स्थापिला त्यांत भारत होता. आज सातारा जिल्ह्यात फलटण येथे त्यांच्या नावाची शाळा आहे, कमला निंबकर बालभवन. तरुण भगिनींनो, 'आता माझे वय झाले' असे पंचविसाव्या वर्षी म्हणण्यापूर्वी या बाईची आठवण करा.

आता पदव्यांकडे वळू. बारावीनंतर चार वर्षांचे अध्ययन आणि त्यापुढे रुग्णालयातील उमेदवारी, ही पहिली पदवी. त्यावर पदव्युत्तर पदवी. महाराष्ट्रात हे शिक्षण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते. ते विद्यापीठ १९९८ साली, म्हणजे आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला त्याच वर्षी जन्मले. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी जो कायदा केला, त्यात व्यवसायोपचारही आहे. रोग्यापुढे उभे राहण्यास इतके शिक्षण पुरेसे असते. ज्या बाईने माझा हात मला परत दिला, तिच्यापाशी डॉक्टरेट नव्हती. हे मी स्पष्ट सांगतो, कारण पदवीच्या मोहाने कोणी घरची जमीन गहाण टाकू नये.

डॉक्टरेट दोन जातींची असते. एक पीएच.डी., म्हणजे संशोधनाची पदवी. जो प्रश्न अद्याप कोणी सोडविला नाही तो घेऊन, पुराव्यानिशी उत्तर शोधून, प्रबंध लिहून तो जाणत्यांपुढे सिद्ध करावयाचा. दुसरी अमेरिकेत रूढ झालेली व्यवसायाची डॉक्टरेट. तिचा भर रोग्यांची सेवा अधिक निपुणतेने करण्यावर व ती सेवा चालविण्यावर असतो. या विद्येत प्रवेशापासूनच अशी डॉक्टरेट देणारा अमेरिकेतील पहिला अभ्यासक्रम १९९९ साली ओमाहा शहरातील क्रेटन विद्यापीठाने सुरू केला. ते विद्यापीठ येशूसंघाच्या धर्मगुरूंचे आहे. परदेशी जाणाऱ्यांनी या दोहोंतील भेद आधीच नीट समजून घ्यावा, नाही तर हवे एक आणि पदरात पडते दुसरे. आपल्या देशात पीएच.डी.साठी २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे किमान ३ व कमाल ६ वर्षे लागतात. स्त्रियांस आणखी २ वर्षांची सवलत आहे, आणि प्रसूतीसाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. म्हणजे 'डॉक्टरेट की लग्न' असा पेच बापांनी उगाच उभा करू नये. नियम करणाऱ्यांनी दोहोंचाही विचार केला आहे.

पण मूळ प्रश्न राहिलाच : रोग्यास बरे करण्यास डॉक्टरेट लागत नाही, तर ती हवी कशास? हेच मी त्या सायंकाळी मुलीस विचारले. तिने जे उत्तर दिले ते मी तिच्याच शब्दांत सांगतो. ती म्हणाली, "फादर, ज्या पुस्तकांवरून मी शिकले, त्यांत माझा भाऊ नाही."

तिचा भाऊ आपण सर्वांनी पाहिला आहे. सिकलसेल हा रक्तदोष आमच्या आदिवासी बांधवांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्यात रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. कोणाचे खुब्याचे हाड निकामी होते, तर कित्येक मुलांस कोवळ्या वयातच पक्षाघात होतो. या मुलास तो सातव्या वर्षी झाला. डावा हात गेला. शाळा सुटली. आज तो बापासारखा उंच झाला आहे आणि ओसरीवर बसून एका हाताने शेंगा सोलतो. २०२३ साली सरकारने २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन करण्याची मोहीम आरंभिली; रक्ततपासण्या होत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु जे आधीच बसून आहेत, त्यांनी काय करावे?

मुलगी पुढे म्हणाली, "रोग्याला स्वतःचे किती करता येते हे मोजण्याचे एक प्रसिद्ध माप आहे. ते १९६५ साली अमेरिकेत निघाले. त्यात १० बाबी आणि एकूण १०० गुण. पलंगावरून खुर्चीवर जाता येते का, जिना चढता येतो का, ताटातले कापून खाता येते का, असे विचारतात. आमच्या घरात खुर्ची नाही, जिना नाही. जमिनीवर मांडी घालून बसता येते का आणि बसल्यावर उठता येते का, हा प्रश्न त्यात नाही. चुलीपुढे उकिडवे बसणे नाही, हंडा उचलणे नाही, मिरची तोडणे नाही. माझ्या भावाला त्यात चांगले गुण मिळतील, फादर, आणि तरी तो ओसरीवरच बसलेला असेल."

मंडळी, मी वीस वर्षांहून अधिक काळ प्रवचने करीत आहे. पण त्या सायंकाळी माझ्यापाशी बोलावयास शब्द नव्हता. त्या मापास नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्यांनी ते केले त्यांनी आपल्यासमोरच्या रोग्यांकडे पाहून केले आणि ते जगभर उपयोगी पडले. पण आमच्या रोग्यांकडे पाहून कोणी करावयाचे? खुबा गेलेल्या बाईस 'उकिडवे बसू नको' म्हणून सांगणे सोपे आहे. चूल मात्र जमिनीवरच असते. ती ओट्यावर किती उंच बांधावी म्हणजे तिचा खुबाही वाचेल व भाकरीही होईल, एका हाताच्या तरुणास कोणते शेतकाम कोणत्या हत्याराने करता येईल, कापसाच्या हंगामात घरातील सर्व माणसे रानात असताना त्याचा सराव कोणी घ्यावा, या प्रश्नांची उत्तरे मुंबईत नाहीत, आणि अमेरिकेतही नाहीत. ती येथे येऊन, घराघरांत बसून, मोजून, लिहून काढावी लागतील. असे लिहून सिद्ध झाले म्हणजेच दवाखाने ते मानतात, सरकार ते मानते आणि पुढच्या विद्यार्थ्यांच्या पुस्तकात ते छापले जाते. डॉक्टरेट हवी ती यासाठी. एक कुशल सेविका एका वेळी एक हात बरा करील. पण जिचा प्रश्न खरा आहे आणि उत्तर सिद्ध झाले आहे, ती ज्यांची तोंडेही तिने पाहिली नाहीत अशा शेकडो हातांस उपयोगी पडेल.

म्हणून तरुण मित्रहो, डॉक्टरेटची वाट धरण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतःस विचारा. पहिली : माझा प्रश्न कोणता? 'नावामागे डॉक्टर लागेल' हे प्रश्नाचे उत्तर नव्हे. तेवढ्यासाठी सहा वर्षे जाळू नका. दुसरी : हा प्रश्न कोणाचा? ज्याच्या दुःखावर प्रबंध लिहावयाचा, त्याचा चेहरा तुम्हांस ठाऊक आहे काय? तिसरी : खर्च कोठून येणार? विद्यावेतन मिळते काय, नोकरी सांभाळून होते काय, मार्गदर्शक कोण, हे आधी लेखी समजून घ्या. मग अर्ज करा. आणि पदवी मिळाल्यावर एक मर्यादा पाळा : ही पदवी विद्येची आहे, औषध लिहून देण्याची नव्हे. गावात कोणी 'डॉक्टर' म्हणून ताप दाखवावयास आला तर त्यास नम्रपणे दवाखान्याची वाट दाखवा.

वडील मंडळींस माझी एकच विनंती आहे. मुलगी शिकून परत येईल की नाही, ही तुमची भीती मी जाणतो. त्या गृहस्थांनीही शेवटी तेच विचारले, "फादर, ही परत येईल?" मी खोटे आश्वासन दिले नाही. मी म्हणालो, "भाऊ, पदवीसाठी जाणारे परत येतात की नाही, मी सांगू शकत नाही. पण हिचा प्रश्नच तुमच्या ओसरीवर बसला आहे. त्याचे उत्तर शोधायला हिला तेथेच यावे लागेल." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "किती वर्षे?" मी आकडा सांगितला. त्यांनी बोटांवर मोजले, टोपी डोक्यावर ठेवली आणि पावसातच घरी गेले. आज सकाळपर्यंत त्यांचा होकार मला कळलेला नाही. ते या सभेत बसले आहेत. मी मुद्दामच त्यांच्याकडे पाहत नाही.

एवढे मात्र मी माझ्यातर्फे सांगून ठेवतो. या आवारातील पूर्वेकडची खोली आज रिकामी आहे. ज्या दिवशी ही मुलगी, अथवा आपल्यातील दुसरी कोणी, असा प्रश्न घेऊन येथे काम करावयास येईल, त्या दिवशी त्या खोलीची किल्ली तिला मिळेल. आणि तिचा पहिला रोगी मी होईन, कारण माझी करंगळी अजून नीट वळत नाही.

इस्राएल लोकांच्या रीतीप्रमाणे ज्युबिलीच्या वर्षी जो तो आपापल्या वतनावर परत येत असे आणि हातून गेलेली जमीन मूळ घरास परत मिळत असे. आपल्या या ज्युबिलीत आणखी एका गोष्टीची मी देवाजवळ मागणी करतो : ज्यांच्या हातून काम गेले आहे, त्यांच्या हातांस ते परत मिळो, आणि ते मिळवून देणारी विद्या आपल्याच लेकरांच्या हाती येवो.